अनुच्छेद ३२ आणि हातपंपाचा चौथरा
विकासनिधीतून अपंग व्यक्तींसाठी वेगळे प्रकल्प वाढवावेत, अशी मागणी एका लेखात वाचली. ती रास्त असली तरी माझ्या मते अपुरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील अनुच्छेद ३२ नुसार आंतरराष्ट्रीय सहकार्याचे सर्वच विकास कार्यक्रम अपंग व्यक्तींना सामावून घेणारे आणि सुगम असायला हवेत. म्हणजे परदेशी मदतीतून एखाद्या गावात हातपंप बसणार असेल, तर चौथऱ्याला उतार आणि बसूनही हात पोहोचेल असा दांडा मूळ आराखड्यातच हवा, कारण बांधलेले फोडून बदलायला पुढे निधी क्वचितच मिळतो. अपंग व्यक्तींच्या मोजणीचा मुद्दा तर त्या लेखात आलेलाच नाही. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे थेट विचारले की संकोचापोटी अनेकदा ‘नाही’ असेच उत्तर येते. म्हणून अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘वॉशिंग्टन गटा’ची छोटी प्रश्नावली पाहणे, ऐकणे, चालणे, स्मरण, स्वतःची निगा आणि संवाद यांत किती अडचण येते, एवढेच विचारते. बर्लिन येथील २०२५ च्या जागतिक अपंगत्व परिषदेच्या जाहीरनाम्यात देशपातळीवरील किमान १५ टक्के विकास कार्यक्रमांचे उद्दिष्ट अपंगांचा समावेश हे असावे, असे ठरले. मला हे प्रमाण फार थोडे वाटते. शिवाय आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत अपंगांच्या स्वतःच्या संघटनाच नसतील, तर हा समावेश खरोखर झाला की नाही, हे कोण तपासणार?