मोकळ्या वेळेचे वेळापत्रक

प्रवासाच्या बाबतीत मी ‘पाय नेतील तिकडे’ या पंथाचा असून, माझी पत्नी मात्र पुण्याहून लोणावळ्याला जायचे असले तरी दोनशेपानी वहीत समास आखणारी आहे. त्यामुळे मुलगी, जावई आणि सहा वर्षांच्या नातीबरोबर फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे ठरताच घरात नवी वही आली. सुमारे १०० चौरस किलोमीटरांचा पसारा आणि त्यात ४ स्वतंत्र उद्याने, हे ऐकून मला धाप लागली. तिला मात्र हुरूप आला.

तेथील उपाहारगृहांत ६० दिवस आधी टेबल राखून ठेवता येते. हे आरक्षण तिकडे पहाटे सहाच्या सुमारास, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होते, आणि ही वेळ ठरवणाऱ्याचा वामकुक्षीशी दूरान्वयानेही संबंध नसावा. मला हलवून उठवण्यात आले.

“दोन महिन्यांनी मला किती वाजता भूक लागेल, हे आज कसे सांगू?”

“अहो, भूक नसली तर रद्द करता येईल, पण टेबलच नसले तर रद्द तरी काय करणार?”

हा युक्तिवाद झोपेत खोडता येण्याजोगा नव्हता.

जूनमध्ये आम्ही त्या चारांपैकी मॅजिक किंगडम या उद्यानाला पोहोचलो. (पोहोचलो म्हणजे वाहनतळावर, तेथून प्रवेशद्वारापर्यंत बोटीने किंवा मोनोरेलने पुन्हा एक लहानसा प्रवास असतो.) वहीप्रमाणे लांब रांगांच्या राइड्स सकाळीच उरकल्या. दुपारच्या खाणगाडीच्या राइडसाठी मात्र रांग टाळणारा ‘लाइटनिंग लेन’ पास घेतला होता, आणि नेमके तेव्हाच आभाळ गडगडू लागले. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड्स सुरक्षिततेसाठी थांबवतात. विजेच्या नावाचा पास खऱ्या विजेने अडवला, याचा मला जो आनंद झाला तो नातीचे रडवेले तोंड पाहून आवरता घ्यावा लागला.

“आता वहीचे काय?” मी शक्य तितक्या सहानुभूतीने विचारले.

पत्नीने शांतपणे मागचे पान उघडले. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी वादळी पाऊस जवळजवळ ठरलेलाच, म्हणून तिने दोन ते पाच ही वेळ मुद्दाम कोरी ठेवली होती आणि शेजारी फक्त छपराखालच्या जागा लिहिल्या होत्या: नातीला आवडेल ती, पाय दुखल्यास ती, कोणी रुसल्यास ती. त्यांतून नातीने ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ निवडले. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झालेल्या या नाट्यगृहात रंगमंच स्थिर राहतो आणि प्रेक्षकच खुर्च्यांसह त्याभोवती फिरतात. आत अंधार होता, गारवा होता, आणि कार्यक्रम वीसेक मिनिटांचा होता. मानवाची प्रगती विजेच्या दिव्यापर्यंत आलेली मला आठवते. पुढची मी पाहिली नाही.

बाहेर आल्यावर पाऊस ओसरला होता. ताजातवाना होऊन मी वही मागून घेतली, तर त्या नाट्यगृहाच्या नावापुढे पत्नीच्या वळणदार अक्षरात आधीच लिहिलेले होते: ‘दु. ३.३० – यांची झोप.’