नम्र राहा, हे कोणी कोणाला सांगायचं?

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

पवित्र जीवन प्रीती आणि नम्रता यांच्यातूनच वाढतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही जे लिहिलंत ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की, पवित्रता म्हणजे पापापासून वेगळं होणं, आणि मी तो मुद्दा गुंडाळून ठेवून प्रेमाबद्दल गोड गोड लिहिलं. अशा लिखाणामुळेच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काहीही खपून जातं. पुढे तुम्ही लिहिलंत की नम्रतेचा उपदेश नेहमी आधीच वाकलेल्या माणसालाच केला जातो. तुमच्या जवळच्या एका बाईंनी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तोंड उघडलं, तेव्हा त्यांना "लीन राहा, तुझं सोसणं बघूनच तो बदलेल" असं सांगण्यात आलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "त्याला क्षमा केली म्हणजे तिने परत त्याच घरात जायचं का?"

या शेवटच्या प्रश्नापुढे बाकीचे वाद लहान आहेत. पण त्याचं उत्तर धडपणे द्यायचं तर आधी नम्रतेबद्दलचा घोळ निस्तरायला हवा.

त्या बाईंना जे सांगितलं गेलं ते चूक होतं. ते ख्रिस्ताच्या शिकवणीच्या सरळ उलट होतं. नम्रतेच्या बाजूने लिहिणारी बाई म्हणून मला हे सगळ्यात आधी लिहायचं आहे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय काढून बघा. येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग. आपण तो इतक्या वेळा ऐकलेला असतो की गंगाळ आणि रुमाल तेवढे लक्षात राहतात. योहान मात्र त्याआधी एक वाक्य घालतो: पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. हे ठाऊक असताना तो जेवणावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला. त्या खोलीत त्याच्यापेक्षा वरचढ कोणी नव्हतं, कोणाच्या धाकाने वाकायचा प्रश्नच नव्हता. पाय धुऊन झाल्यावर तो पुन्हा वस्त्रं घालतो, जागेवर बसतो आणि म्हणतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता. आपलं स्थान तो नाकारत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने ती कशी वापरायची, ते दाखवतो.

त्या घरात रुमाल कमरेला बांधायची पाळी कोणाची होती, हे यावरून कोणालाही कळावं. ज्याचा हात उठत होता त्याची. उपदेश गेला भलत्याच पत्त्यावर.

आता पौल, पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, हे नम्रतेबद्दलचं सगळ्यात थोर वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ते पत्र ज्या गावाला गेलं, त्याच गावात पौलाचं काय झालं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात वाचा. फिलिप्पै ही रोमन वसाहत. तिथे पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात छड्यांनी मारलं, आतल्या बंदिखान्यात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप धाडला, त्या माणसांना सोडून द्या. पौलाने निमूट निघून जायला हवं होतं ना? तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. आम्हाला दोषी न ठरवता सगळ्यांसमोर मारलं आणि आता गुपचूप बाहेर काढता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः इथे यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले. आले. विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले.

म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीत ते पत्र वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांना लिहिणारा माणूस कसा आहे हे माहीत होतं. लीनतेने एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना, हे शब्द त्यांनी 'अन्याय गिळा' या अर्थाने ऐकले असतील, असं मला अजिबात वाटत नाही. पौल स्वतःच्या मानासाठी अडून बसला असंही मी समजत नाही. तो गाव सोडणार होता. मागे लुदिया नावाच्या विश्वासणाऱ्या बाईच्या घरी जमणारी, नुकतीच उभी राहिलेली मंडळी उरणार होती. अधिकाऱ्यांनी उद्या तिच्या अंगावर सहज हात टाकू नये, हा त्यातला हेतू असावा असं माझं वाचन आहे. मागे राहणाऱ्यांसाठी ताठ उभं राहणं हीसुद्धा प्रीतीच.

आणि प्रभू स्वतः? प्रमुख याजकासमोर एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा त्याने विचारलं की मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? शिव्याशाप नाहीत, उलटा हात नाही, पण प्रश्न तोंडावर विचारलेला आहे.

खरी नम्रता बघायला मिळते तेव्हा ती बहुतेक वेळा वरच्या खुर्चीवरून उतरताना दिसते. एका मंडळीच्या सभेत मी होते. हिशेबाचं वाचन संपलं आणि मागच्या रांगेतल्या एका तरुण मुलीने एका नोंदीबद्दल शंका विचारली. आवाज कापत होता तिचा. खजिनदार वयस्कर, वर्षानुवर्षं ते काम सांभाळणारे. दोघातिघांनी तिला "बस खाली" अशा खुणा केल्या. खजिनदार मात्र वही उचलून तिच्यापर्यंत चालत गेले, शेजारच्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि ओळीवर बोट ठेवून तिच्याबरोबर बेरीज करू लागले. सगळी सभा थांबून राहिली. थोड्या वेळाने ते तिथूनच म्हणाले, "हिचं बरोबर आहे. रक्कम दोनदा धरली गेली आहे. लिहून घ्या." पुढच्या विषयाला सुरुवात झाली. 'मी पापी, मी अपात्र' असं एकही वाक्य ते बोलले नाहीत. सत्य कोणाच्या तोंडून आलं याने त्यांना काही फरक पडला नाही, आणि मला वाटतं पवित्रतेची पारख इथे होते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यातल्या सातव्या प्रकरणातल्या नम्रतेच्या 12 पायऱ्या पुष्कळांना माहीत असतात. त्याआधीचं तिसरं प्रकरण कोणी फारसं सांगत नाही. महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं आणि सगळ्यांचं ऐकावं, कारण पुष्कळदा प्रभू जे अधिक चांगलं ते धाकट्याला प्रकट करतो, असं तिथे म्हटलं आहे. पायऱ्या सांगायच्या आणि हे गाळायचं, असं केलं की नम्रतेचं हत्यार होतं. तुमचा राग त्या हत्याराबद्दल आहे आणि तो रास्त आहे.

आता पवित्रता म्हणजे वेगळं होणं, याबद्दल. पापापासून वेगळं व्हायलाच हवं, यात आपलं दुमत नाही. पण वेगळं होऊन जायचं कुठे? जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे. त्याच अध्यायात पुढे बघा काय काय येतं: शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका, बहिऱ्याला शाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. बहिऱ्याला शाप ऐकू येत नाही, आंधळ्याला कोणी धोंडा ठेवला ते दिसत नाही. कोणाला कळणार नाही अशा ठिकाणी दुबळ्याशी तुम्ही कसे वागता, तिथे देव पवित्रता मोजतो. आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, ही आज्ञाही याच अध्यायात, 18 व्या वचनात आहे. मी ती पवित्रतेला वरून चिकटवलेली नाही.

वेगळं होण्याची चुकीची तऱ्हाही शास्त्रात नोंदलेली आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडून काही यहुदी माणसं आल्यावर भीतीने तो वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर सुनावलं. पेत्राचं ते वेगळं बसणं बघणाऱ्याला धार्मिक दिसलं असेल, पण त्यात प्रीती नव्हती.

आणि खपवून घेण्याबद्दल तुम्ही म्हणता ते तर पौलाचंच म्हणणं आहे. करिंथच्या मंडळीत उघड अनैतिकता चालली होती आणि लोक ती चालवून घेत होते. पौल त्यांना पत्रात, तुम्ही फार प्रेमळ झालात, असं म्हणत नाही. तुम्ही फुगला आहात, असं म्हणतो. दुसऱ्याचं पाप पोटात घालण्यात आपल्या मोठेपणाची जी ऊब असते, ती त्याने अचूक पकडली. त्याच पत्रात पुढे 13 व्या अध्यायात तो लिहितो की प्रीती अन्यायात आनंद मानत नाही, सत्याबरोबर आनंद मानते. मारहाण झाकणारी मंडळी प्रेमळ नसते. तिला आपलं नाव जपायचं असतं.

राहिली वाढण्याची गोष्ट. लेखात प्रत्यक्ष काही नाही, असंही तुम्ही एका ओळीत म्हटलं आहे. लिझ्यूची संत तेरेसा 1897 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी वारली. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये एक भगिनी होती जिचं सगळंच तिला खटके: बोलणं, वागणं, स्वभाव. तेरेसाने काय केलं, तर ती समोर आली की तिच्यासाठी प्रार्थना, जमेल तेवढी तिची कामं, आणि उलट उत्तर ओठांवर आलं की हसून विषय बदलणं. फारच झालं तर ती चक्क तिथून पळ काढत असे. शेवटी त्या भगिनीनेच आनंदाने विचारलं की माझ्यात तुला एवढं काय आवडतं? ज्यांच्याशी आपलं फक्त पटत नाही, त्यांच्या बाबतीत हीच शाळा. पटत नसणं आणि छळ होणं यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि तेरेसाचा दाखला छळ होणाऱ्या बाईला देऊ नये.

मी स्वतः ज्या गोष्टींना धरून असते त्या साध्या आहेत. माफी मागताना 'पण' लावायचं नाही. प्रार्थनेत 'माझी पापं क्षमा कर' असं मोघम म्हणण्याऐवजी कोणाला काय बोललो ते नाव घेऊन सांगायचं. दुसऱ्याचं कौतुक चाललं असताना आपली गोष्ट मध्ये घुसवायची नाही. आणि कोणी आपली सेवा करू पाहिली तर ती करू द्यायची. त्या पाय धुण्याच्या प्रसंगात पेत्राला येशूकडून आपले पाय धुऊन घेणंच जड गेलं होतं, आणि मला वाटतं आपल्यापैकी अनेकांचा गर्व तिथेच लपलेला असतो. हे सगळं आपल्या जोरावर होत नाही. इच्छा करणं आणि कृती करणं हे दोन्ही तुमच्यात साधून देणारा देव आहे, असं पौलाने त्याच फिलिप्पैकरांना लिहिलं आहे. म्हणून प्रयत्न फसला की पवित्र आत्म्याकडे पुन्हा मागायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. क्षमा केली म्हणजे परत जायचं का?

नाही. 1 शमुवेलच्या 24 व्या अध्यायात राजा शौल दाविदाचा जीव घ्यायला एन-गेदीच्या रानात फिरतो आहे. गुहेत तो दाविदाच्या हाती सापडतो, पण दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो, अंगाला हात लावत नाही. बाहेर येऊन जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करतो, स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणतो, पिसू म्हणतो. एवढी लीनता. पण त्याच दमात शौलाला विचारतो की तू माझ्या पाठीस का लागला आहेस, आणि न्याय परमेश्वर करील असं ठणकावतो. शौल मोठ्याने रडतो, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस असं कबूल करतो. दावीद त्याच्यापुढे शपथ वाहतो. मग शौल आपल्या घरी जातो आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर जातो. शौलाच्या अश्रूंवर विसंबून तो राजवाड्यात परतला नाही, आणि पुढे शौल पुन्हा त्याच्या मागावर निघालाच.

त्या बाईंना हा अध्याय वाचून दाखवा. सूड न घेणं, मनातला द्वेष देवाच्या हवाली करणं, हे त्यांनी सुरक्षित जागी राहून, त्यांच्या वेळेने करायचं आहे. पोलिसांत तक्रार देणं, वकील गाठणं, माहेरी किंवा मैत्रिणीकडे राहणं, यात गर्व नाही आणि क्षमेचा भंगही नाही. नवऱ्याला खरा पश्चात्ताप झाला असेल तर तो परिणाम भोगायला तयार होईल आणि तिला परत येण्याची घाई करणार नाही. त्यांच्या पाळकांशी बोलायला कोणी सोबत हवं असेल तर मला कळवा, मी येईन.

तुमची बहीण