पिके जाळून भाव चढत नाही

कोका या झुडपाच्या पानांपासून कोकेन हा अमली पदार्थ बनतो; त्याची शेती नष्ट केली की कोकेनचा पुरवठा आटेल, हे आपण छापलेल्या लेखातील गृहीतक मला पटत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी भागातील तंबाखू उत्पादकांना तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनाआधीपासून माहीत आहे की शेतातल्या पानाचा भाव आणि तयार मालाची किंमत यांत फार मोठे अंतर असते. कोकेनमध्ये तर हे अंतर प्रचंड आहे. शहरातील गिऱ्हाईक देते त्या किमतीत पानाचा वाटा इतका क्षुल्लक असतो की पानाचा भाव दुप्पट झाला, तरी ग्राहकाला तो जाणवणारही नाही. उरलेली बहुतेक किंमत अटकेच्या, जप्तीच्या आणि हिंसेच्या जोखमीची असते. शिवाय १९९० च्या दशकात पेरू आणि बोलिव्हियात लागवड घटली, तेव्हा ती कोलंबियात वाढली; तेथे विमानांतून केलेली तणनाशक फवारणीही अखेर २०१५ मध्ये थांबवावी लागली.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कोकेन सेवनासाठी एक वर्षापर्यंत शिक्षा आहे, पण स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४ अ देखील त्याच कायद्यात आहे, आणि ते किती पालकांना ठाऊक असेल? गोव्याहून चोर्ला घाटमार्गे बेळगावकडे येणाऱ्या गाड्यांची तपासणी जरूर व्हावी. तथापि चिकोडी, खानापूर, निपाणी येथील सरकारी रुग्णालयांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत समुपदेशन करणारे व्यसनमुक्ती कक्ष असावेत, ही मागणी मला त्याहून तातडीची वाटते.