फूड बँकेतला किराणा ‘कुणीही’ उचलायचा नसतो

‘इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी बचतीचा मंत्र’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे आणि माझ्या थोरल्या बहिणीने तो लेस्टरला शिकणाऱ्या आपल्या मुलीला मोठ्या मायेने पाठवला आहे. संदेशाचा सारांश असा: तिथल्या चर्चमध्ये ‘फूड बँक’ असते, तिथून कुणीही पिशवीभर किराणा फुकट आणावा, कुणी काही विचारत नाही, माल सरकारच पुरवते, व्हिसाला धोका नाही, गोरे लोक आळसापायी तिथे रांगा लावतात, मग आपण का मागे राहावे, आणि चर्चवाल्यांचा खरा हेतू धर्मांतराचा असल्यामुळे त्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून पिशवी तेवढी घ्यावी. एवढ्या थोड्या ओळींत इतके अज्ञान आणि इतका अप्पलपोटेपणा एकत्र सापडणे कठीण आहे.

‘कुणी काही विचारत नाही’ इथून सुरुवात करू. ब्रिटनमधले फूड बँकांचे, म्हणजे अडचणीतल्या घरांना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रांचे, सर्वांत मोठे जाळे ‘ट्रसेल’ या ख्रिस्ती प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या संस्थेचे आहे. पॅडी आणि कॅरोल हेंडरसन या दांपत्याने १९९७ साली ती स्थापन केली ती बल्गेरियातल्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी. पुढे त्यांच्याच सॉल्झबरी गावातल्या एका आईने आपली मुले उपाशी झोपणार असल्याचे त्यांना कळवले, तेव्हा २००० साली त्यांनी स्वतःच्या बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये पहिली फूड बँक उघडली. तिथले पार्सल म्हणजे साधारण तीन दिवस पुरेल एवढे अडीनडीचे अन्न असते आणि त्यासाठी व्हाउचर लागते. ते व्हाउचर डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’सारखी सल्ला देणारी संस्था त्या घराची अडचण समजून घेऊन देते. काही स्वतंत्र फूड बँका व्हाउचर मागत नाहीत, हे खरे. पण त्या मागत नाहीत त्या समोरच्या माणसावर विश्वास टाकून, आणि हा संदेश नेमका त्याच विश्वासाचा फायदा उठवायला शिकवतो.

सर्वांत संतापजनक वाक्य आहे ते आळसाचे. ते नवेही नाही. २०१३ साली तिथले तेव्हाचे मंत्री लॉर्ड फ्रॉइड यांनी वरिष्ठ सभागृहात अशाच आशयाचा युक्तिवाद केला होता, की फुकट मिळणाऱ्या वस्तूला जवळजवळ अमर्याद मागणी असते. हा युक्तिवाद तपासून झालेला आहे. २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रेचल लूपस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक प्रशासनांनुसार आकडे मांडले, तेव्हा असे दिसले की जिथे बेकारी अधिक होती आणि जिथे सरकारी साहाय्यावरचा खर्च अधिक कापला गेला होता, तिथे फूड बँक उघडण्याची शक्यता जास्त होती, आणि जिथे अटी मोडल्याचे कारण देऊन लोकांचे भत्ते रोखण्याचे प्रमाण अधिक होते, तिथे पार्सलांचे प्रमाणही जास्त होते. फूड बँका जिथे अधिक आणि जुन्या आहेत तिथून पार्सले अधिक जातात, हेही त्याच अभ्यासात नोंदवलेले आहे. म्हणजे फ्रॉइडसाहेबांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, एवढे नाइलाजाने मान्य करावे लागते. मात्र तेवढा भाग बाजूला काढल्यावरही बेकारीचा आणि रोखलेल्या भत्त्यांचा परिणाम शिल्लक राहतोच.

‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या, बेकार किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी भत्त्याचा अर्ज केल्यापासून पहिला हप्ता हाती येईपर्यंत साधारण पाच आठवडे जातात. ज्या घरी शिल्लक काही नाही, त्या घराने या पाच आठवड्यांत काय शिजवावे? काही घरांत तर शिजवण्यापुरता गॅस किंवा वीजही परवडत नाही. तिथे तांदूळ आणि पास्ता देऊन उपयोग नसतो, म्हणून स्वयंसेवक नुसत्या किटलीतल्या उकळत्या पाण्यावर होणाऱ्या पदार्थांची वेगळी पेटी बांधतात, आणि ज्यांना तेवढेही शक्य नाही त्यांच्यासाठी गारच खाता येईल अशा जिनसांची. २०२३-२४ या वर्षात ट्रसेलच्या जाळ्यातून ३१ लाखांहून अधिक पार्सले गेली. (ही पार्सले आहेत, माणसे नव्हेत, एकच कुटुंब वर्षात पुन्हा येऊ शकते.) त्यांतली ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होती. या मुलांच्या आळसाबद्दल संदेशकर्त्याचे काय मत आहे, तेही एकदा कळू द्यावे.

माल सरकार पुरवते, हे चूक आहे. सुपरमार्केटमध्ये ठेवलेल्या पेटीत गिऱ्हाइके जे दोन जास्तीचे डबे टाकतात, शाळांतून आणि चर्चमधून जे गोळा होते, त्यावर मुख्यतः हे काम चालते, आणि ते कमी पडले की देणगीच्या पैशांतून माल विकत आणावा लागतो. इंग्लंडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या ‘हाउसहोल्ड सपोर्ट फंड’ या सरकारी निधीतून काही स्थानिक प्रशासनांनी फूड बँकांना साहाय्य केले आहे, त्या विधानात सत्य असलेच तर तेवढेच. व्हिसाबद्दलचे विधान मात्र बरोबर आहे, कारण धर्मादाय अन्न व्हिसाच्या नियमांतल्या ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर घेता न येणाऱ्या सरकारी मदतीत, मोडत नाही. पण नियम आड येत नाही, एवढ्यावरून पोट भरलेल्याने ते उचलावे असे ठरत नाही.

धर्मांतराच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करावीशी वाटत नाही. पुष्कळ केंद्रे चर्चच्या सभागृहांत चालतात आणि चालवणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे बरीच असतात. काही ठिकाणी ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का’ असे विचारतातही, आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक असते. मदत कोणत्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्या माणसालाही आहे, हे ट्रसेलचे जाहीर धोरण आहे. दुष्काळातल्या मिशनरी कामाच्या इतिहासामुळे आपल्याकडे हा संशय मुरलेला आहे, हे मी समजू शकतो. पण सॉल्झबरीतला ख्रिस्ती स्वयंसेवक आपल्याच गल्लीतल्या, बहुधा ख्रिस्ती घरात वाढलेल्या शेजाऱ्याला बीन्सचे डबे देतो, तेव्हा तो कोणाला बाटवत असतो?

लेस्टरच्या आमच्या मुलीला घरून पैसे वेळेवर जातात, त्यामुळे तिच्यापुरता प्रश्न मिटला. ज्या विद्यार्थ्याची अर्धवेळ नोकरी गेली आहे आणि ज्याच्या खात्यात खरोखरच काही उरलेले नाही, त्याने मात्र या संदेशाने वा माझ्या लिहिण्याने संकोचून उपाशी राहू नये. आधी विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य विभागात जाऊन अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या निधीची चौकशी करावी, फूड बँकेचे व्हाउचर कुठून मिळेल तेही तिथेच विचारावे, आणि शाकाहारी असल्यास केंद्रात तसे आधी सांगावे, म्हणजे पार्सलात मांसाचा डबा येणार नाही.