फक्त उतरताना जरा…

डॉक्टर म्हणाले, "काका, एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ." दुर्बीण म्हटल्यावर मला वाटलं, लांबूनच बघणार असतील. ती तोंडातून आत जाते, हे बायकोनं रिक्षात बसल्यावर फोड करून सांगितलं.

पित्त माझं जुनं. कोकम, थंड दूध, उपाशीपोटीची गोळी, सगळं करून झालेलं. तपासणी गुरुवारी ठरली आणि सोमवारीच शेजारचे नाना धीर द्यायला हजर. "काही नसतं हो, पाच मिनिटांचं काम. माझी दोनदा झालीय. फक्त नळी घशाखाली उतरताना जरा…" आणि पोह्यांवर लिंबू पिळायला लागले. पुढे काही बोललेच नाहीत. ते 'जरा' तीन रात्री माझ्या उशाशी बसून होतं.

बुधवारी झोप येईना म्हणून मोबाईल उघडला. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या जठरात नळी घालून बघितलं. नळी ताठ, सरळसोट. मग ती गिळणार कोण? तर त्यांनी तलवार गिळून दाखवणारा खेळवाला गाठला! आताची नळी वाकते, जेमतेम करंगळीएवढी असते, असं पुढे लिहिलं होतं म्हणे. मी तलवारीपाशीच थांबलो होतो.

गुरुवारी सकाळी कडकडीत उपास. 'एकादशी नि दुप्पट खाशी' हे व्रत आयुष्यभर पाळलेल्या माणसाला पाण्याचा घोटसुद्धा नाही! त्यात संमतिपत्र समोर आलं ते मराठीत. इंग्रजीत असतं तर न वाचता सही ठोकली असती. इथे 'क्वचित प्रसंगी' या दोन शब्दांवरच मी दहा मिनिटं घालवली.

सिस्टरनं घशात कडूजहर फवारा मारला. घसा गेला कुठे कळेना. डाव्या कुशीवर निजवलं, दातांत भोक असलेलं प्लास्टिकचं कडं बसवलं. आता बोलायचीही सोय नाही. "काका, नाकानं श्वास घ्या. गिळा." एक उमासा, डोळ्यांतून पाणी, आणि नळी खाली. नानांचं 'जरा' ते एवढंच! मग डॉक्टरांनी आत हवा भरली आणि मी ढेकर द्यायला लागलो. लग्नाच्या पंगतीतही असे कधी दिले नव्हते. पडद्यावर गुलाबी, ओल्या वळ्यांची एक गुहा दिसत होती. चाळीस वर्षं मिसळ ओतली ती हीच जागा, म्हणून मी जरा आदरानं बघून घेतलं.

"थोडी सूज आहे, बाकी काही नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन मी बायकोला म्हणालो, "हहा." घसा बधिर, जीभ जड. तासभर काही प्यायचं नाही, असं सिस्टरनं बजावलेलं. तोवर मुलीचा फोन आला. बायको म्हणाली, "हो गं, झालं सगळं. नाही, बोलता येत नाहीये त्यांना. पण चहा मागतायत."