उष्णता कुणाच्या अंगात?

परवा सेकंड शिफ्टच्या चहाला शेजारच्या लाइनवरचा एक पोरगा जवळ सरकला. हळूच म्हणाला, "दादा, पुढच्या मंगळवारी सुट्टी पायजे. मिसेसची दुर्बीण आहे." लग्नाला अडीच वर्षं झालीत त्याच्या, मूल नाही, म्हणून दुर्बीण घालून बायकोच्या पोटाची तपासणी. मी विचारलं, "आणि तुझी तपासणी?" तो हसला. "मला काय धाड भरलीया?"

हे वाक्य माझं आहे. सात वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी बायकोला हेच म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत. परवा रात्री घरी आल्यावर झोप लागली नाही, म्हणून ही पोस्ट. लांबली तर लांबू दे.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, आधी मेल्टिंगला होतो, लोखंड वितळवायच्या भट्टीवर. २०१५ ला लग्न झालं. पहिली दोन वर्षं कुणी फार विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी "काय गोड बातमी?" सुरू झालं. मला विचारायचे ते चेष्टेत. "काय मर्दा, कधी पेढे?" एवढं म्हणून विषय संपायचा. तिला विचारायचे ते स्वयंपाकघरात, कोपऱ्यात घेऊन, आवाज खाली करून. तिथं विषय संपत नसे. आईचं निदान पक्कं होतं: पोरीच्या अंगात उष्णता आहे, म्हणून गर्भ धरत नाही. मग सब्जा, गुलकंद, धन्या-जिऱ्याचं पाणी, उन्हाळ्यात वाळा. घरात बायको गुलकंद खात होती आणि मी रोज आठ तास चौदाशे अंशांच्या लोखंडासमोर उभा होतो. यातला विनोद मला फार उशिरा कळला.

जून २०१८ मध्ये पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलो. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या, बाईचं वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच, हे तिथं कळलं. त्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक तिच्या रक्ताच्या तपासण्यांची आणि सोनोग्राफीची. दुसरी माझी, त्यावर एकच ओळ: सिमेन ॲनालिसिस. म्हणजे वीर्याची तपासणी. काही शे रुपयांचं काम, सुई नाही, भूल नाही, त्याच दिवशी रिपोर्ट. मी ती चिठ्ठी चार घड्या घालून पाकिटात ठेवली आणि तिथंच राहू दिली. नंतर दवाखाना बदलला. नव्या ठिकाणी माझ्या रिपोर्टचं कुणी विचारलंच नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं. दोष डॉक्टरांवर ढकलायचा मोह होतो, पण चिठ्ठी माझ्याच पाकिटात होती.

पुढचं दीड वर्ष तिचं कसं गेलं ते सांगतो. महिन्यातून चार-पाच वेळा फॉलिक्युलर स्टडी. अंडं किती मोठं झालं ते बघायला सकाळी सोनोग्राफी, मग केएमटीची बस पकडून कामावर. अंडं वाढायच्या गोळ्या, फुटायचं इंजेक्शन. एकदा एचएसजी, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात. "थोडं दुखेल" म्हणाले होते. ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. नळ्या मोकळ्या होत्या. मग मार्च २०१९ मध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, दुर्बीण. भूल देऊन, पोटाला भोकं पाडून. तिथंही सगळं चांगलं निघालं. मी आनंदानं पेढे वाटायच्या बेतात होतो! बाईच्या शरीरात काही सापडत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणाकडं वळतो, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. कळून न कळल्यासारखं करत होतो.

दिवाळीनंतर तिसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. या बाईंनी फाइल चाळली, मिटली आणि म्हणाल्या, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठाय?" नाही म्हटल्यावर, "मग पुढची गोळी मी लिहिणार नाही."

लॅबमधल्या त्या खोलीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. संडासाशेजारची चार बाय सहाची खोली. कडी नीट लागत नव्हती. हातात नाव लिहिलेली प्लास्टिकची डबी. बाहेर काउंटरवरची मुलगी कुणाची तरी शुगर लिहून घेतेय ते ऐकू येतंय. पाऊण तास लागला. बाहेर आलो तेव्हा बाकावर बसलेल्या एका माणसाच्या हातात तशीच डबी होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं. आज तो भेटला तर मी त्याला चहा पाजीन. (ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आधी दोन ते सात दिवस वीर्य जाऊ न देता जायचं असतं. घरून नमुना नेणार असाल तर तासाच्या आत पोचवायचा, शर्टाच्या आत अंगाशी धरून, गार होऊ न देता. कंडोममधून नेऊ नका, त्याच्या वंगणानं शुक्राणू मरतात.)

माझ्या रिपोर्टवर आकडा होता ३० लाख. दर मिलिलिटरला. खूप वाटतो ना? मलाही वाटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानुसार खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचाल निदान ४२ टक्क्यांत हवी, माझी १२ होती. महिन्यानं परत तपासलं, कारण एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, ताप येऊन गेला तरी आकडा पडतो. दुसराही तसाच.

मग डॉक्टरांनी पहिल्यांदा मला तपासलं आणि कामाचं विचारलं. फाउंड्री म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. वृषण शरीराच्या बाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. माझ्या डाव्या बाजूच्या शिराही फुगलेल्या निघाल्या, व्हेरिकोसील. त्यात रक्त साचतं, तिथलं तापमान आणखी वाढतं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या पुरुषांत तिघातल्या एकाला तरी हे सापडतं. भट्टी किती, शिरा किती, तंबाखू किती, याचं माप कुणी देत नाही. मी तिन्ही केलं: शिरांचं ऑपरेशन, तंबाखू बंद, भट्टीवरून फिनिशिंगला बदली. शुक्राणू तयार व्हायला बहात्तर-चौऱ्याहत्तर दिवस लागतात, त्यामुळं आज केलेल्या सुधारणेचा निकाल तीन महिन्यांनी. माझे तीन महिने पहिल्या लॉकडाउनमध्ये गेले. आकडा ३० लाखांवरून ९० लाखांवर आला.

आता मुद्द्याचं.

रिपोर्ट आल्यानंतर मी घरी काय सांगितलं असेल? काहीच नाही. माझं ऑपरेशन आईला "हर्निया" म्हणून सांगितलं. आणि ही बाई, जिला माझा आकडा तोंडपाठ होता, ती पुढंही गुलकंद खात राहिली. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला आम्ही तीन दिवस गेलो, ते तिच्या दोषासाठी. चुलत वहिनीच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला तिला हळूच मागं थांबवलं, तेव्हा ती पाणी आणायला म्हणून आत गेली. तिनं स्वतःच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी विचारलं का, तर म्हणाली, "तुमचं नाव निघालं असतं." वांझ हा शब्द मराठीत बाईसाठी आहे, जमिनीसाठी आहे, गाई-म्हशीसाठी आहे. पुरुषासाठी आपण शब्द घडवलाच नाही. नामर्द म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट, आणि त्या दोन गोष्टी एकच आहेत या भीतीनंच आम्ही लॅबची पायरी चढत नाही. माझं संसारसुख व्यवस्थित होतं. शुक्राणू मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो, ते काही मिशीवरून कळत नाहीत.

जिममधल्या पोरांनी तर हे कान देऊन ऐकावं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं बाहेरून घेतली की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम थांबतो. दंड फुगतात आणि आतला कारखाना बंद पडत जातो.

नंतरचं थोडक्यात. दोन आययूआय फसले, म्हणजे वीर्य धुऊन नळीनं थेट गर्भाशयात सोडतात ते. २०२२ मध्ये इक्सी केलं. एक शुक्राणू उचलून सुईनं थेट अंड्यात सोडतात. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी त्याचे पहिले गर्भ जाहीर केले. माझ्यासारख्यांसाठीच निघालेली पद्धत ही. ज्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही त्यांच्याही वृषणातून कधी कधी सुईनं काढता येतो. पण कमतरता माझी आणि दहा-अकरा दिवस पोटात इंजेक्शनं तिच्या, अंडी काढायला भूल तिला. पैसे पीएफमधून. कंपनीच्या विम्याचं पुस्तक उघडलं तर वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सतरावा नंबर आमचा: वंध्यत्व. दोन गर्भ सोडले, चौदाव्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह. परत केलं नाही. दात्याच्या शुक्राणूंचं डॉक्टरांनी सुचवलंय, २०२१ च्या कायद्यानं त्याची रीत ठरलेली आहे. मी अजून हो म्हणालेलो नाही. तिचं म्हणणं, तुमचं ठरू दे. इथंही ती माझ्यासाठीच थांबली आहे. "दत्तक घ्या की" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की ती भाजी नव्हे, कारावर, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघणारी जोडपी आहेत.

मागच्या दिवाळीत आईला सांगितलं. रिपोर्ट आल्यानंतर पाच वर्षांनी. ती चकलीचा सोऱ्या धुवत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिच्या आईला ठावं हाय?" नाही म्हटलं. "मग आजच सांग फोन करून. त्या बाईनं पण पोरीला बोल लावला आसंल." माझ्या मनात ती कधी आली नव्हती, सासूबाई.

चहाच्या टपरीवरच्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही, दहा मिनिटांची सुट्टी असते. एवढंच म्हणालो, दुर्बीण पंधरा दिवस पुढं ढकल, आधी तू जाऊन ये. तो कप ठेवून उठला. रात्री मेसेज आला: "दादा लॅब रविवारी उघडी असते का."

पोस्ट टाकायच्या आधी हिला वाचायला दिली. तिचीच जास्त आहे, परवानगी तिचीच. सावकाश वाचली, फोन परत दिला. म्हणाली, "दुर्बीण फेब्रुवारीत लिहिलीय तुम्ही. मार्च होता. होळीच्या आदल्या दिवशी." वर बदललंय.