पोटऱ्यांवरचा तो मेसेज

नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: पाळी सुरू झाल्यावर मुलींनी धावणं, खो-खो, उठाबशा बंद कराव्यात. पोटऱ्या पुरुषांसारख्या होतात, खेळ सोडला की त्या स्नायूंची चरबी होते. उपाय? रात्री पोटऱ्यांना घट्ट पट्टी बांधा आणि रात्रीचं जेवण टाळा. खाली काकू-मामींचे जोडलेले हात. माझी चौदा वर्षांची भाची त्याच ग्रुपवर आहे. ती खो-खो खेळते आणि मे महिन्याच्या उन्हातही सरावाला फुल ट्रॅकपँट घालून जाते. म्हणून लिहितेय.

खेळानं पोटऱ्या भरतात, हे खरंच आहे. खो मिळताच चौकोनातून उसळायचं ते त्यांच्याच जोरावर. पण पुरुषांसारख्या? वयात आलेल्या पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, बाईच्या साधारण पंधरापट असतं. ते काय मैदानावर मिळतं? आणि पोटरीचा घाट बराचसा जन्मानंच ठरतो. स्नायू कुठे संपतो आणि टाचेला जाणारी दोरीसारखी कंडरा कुठे सुरू होते, यावर सगळं दिसणं अवलंबून. स्नायू खालपर्यंत उतरलेला असला की पोटरी भरीव दिसते, वरच थांबला की पाय निमुळता. भाचीला मी माझ्या आजीचा फोटो दाखवला. विहिरीवर, काष्टा खोचलेला, पाय उघडे. "मावशी, या तर माझ्याच पोटऱ्या!" आजीनं खो-खो कधी पाहिलासुद्धा नव्हता.

बरं, मांड्यांचं खापरही खेळावर फुटतं. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मुलींच्या मांड्या-नितंबांवर चरबी येतेच, दिवसभर सोफ्यावर लोळणारीच्याही.

स्नायूंची चरबी होत नाही. दोन्हींच्या पेशीच वेगळ्या. खेळ सुटला की स्नायू उतरतो, ताटातलं मात्र तेवढंच राहतं, त्यातून चरबी साठते. दोन्ही एकाच वेळी घडतं म्हणून एकाचं दुसरं झालंसं वाटतं.

पट्टीनं सकाळी वळ तेवढे दिसतील. पोटरीचा स्नायू हालचालीत आकुंचन पावतो तेव्हा पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतो; त्याला रात्रभर करकचून बांधण्यात कसला शहाणपणा?

मला खरा राग आहे तो जेवणाच्या सल्ल्याचा. सराव चालू आणि जेवण तोडलेलं, असं काही महिने चाललं की पाळी अनियमित होते, थांबतेही. त्याबरोबर हाडं ठिसूळ होतात, धावताना बारीक भेगा पडतात. आयुष्यभराच्या हाडांची बहुतेक भरणी विशीपर्यंतच होते, म्हणजे ज्या वयात हा मेसेज उपाशी राहायला सांगतोय, नेमकी त्याच वयात.

शेवटी 'अशा मुलींची लग्नं जमत नाहीत' अशीही ओळ आहे. तिला उत्तर देण्याइतका वेळ नाही.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावली, दहावी आली. त्या शर्यतीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. एका काकांनी लगेच अंगठा दिला. त्यांनीच तो मेसेज पाठवला होता.

भाचीनं काल रात्री दोन भाकरी खाल्ल्या. ट्रॅकपँट अजून तशीच आहे.